श्वास आणि भीड

(आपल्या ज्ञातिमंडळाच्या कोजागिरी मेळाव्यात केलेले भाषण, लेखरूपाने)



मंडळाच्या चिटणीसांनी भाषणाची विनंती केली तेव्हा मी पाल्यांच्या अभ्यासाविषयी काही सांगावे अशी त्यांची अपेक्षा होती. ज्याने आयुष्यभर खडू हाती धरला त्याच्याकडून दुसरी अपेक्षा तरी कोण करील? परंतु हा विषय मीच मागून घेतला. मी वैद्य नव्हे; केवळ मॅट्रिक झालेला, सेवानिवृत्त शाळामास्तर आहे. तथापि फुप्फुसाच्या जुनाट विकाराचा मी गेली अकरा वर्षे विद्यार्थी आहे, आणि या शाळेत सुट्टी नसते. जे शिकलो ते आपणांपुढे ठेवावे, इतकाच हेतू.

आपल्या समाजात खोकला आणि धाप यांस सरसकट 'दमा' म्हणतात, आणि म्हातारपणी तो यावयाचाच असे मानून स्वस्थ बसतात. वास्तविक मला जडलेला विकार दम्याहून निराळा आहे. डॉक्टर त्यास सी.ओ.पी.डी. म्हणतात. वर्षानुवर्षे धूर व धूळ आत गेल्याने श्वासनलिका सुजून अरुंद होतात, फुप्फुसातील नाजूक वायुकोश झिजतात, आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही, आणि जुनी हवा कोंडून राहिल्यामुळे नव्या हवेस जागा उरत नाही. झालेली झीज भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगातील सुमारे पस्तीस लक्ष माणसे या रोगाने दगावली. मृत्यूच्या कारणांत त्याचा क्रमांक चौथा लागला. इतका मोठा रोग, परंतु आपल्या घरांतून त्यास अद्याप धड नावही नाही.

मजकडे हा रोग कसा आला ते सांगण्यात मी लाज बाळगणार नाही. १९८१ ते २००६ अशी पंचवीस वर्षे मी प्रथम विडी आणि मागाहून सिगारेट ओढली. वर्गात तंबाखूच्या दुष्परिणामांचा धडा शिकवावा आणि मधल्या सुट्टीत शाळेच्या भिंतीआड जाऊन काडी ओढावी, असा माझा आचार होता. मुलांना तो ठाऊक होता. तेव्हा माझ्या दुखण्याचा दोष मी कोणाच्या माथी मारू शकत नाही.

परंतु माझ्या अक्काचे काय?

अक्का मजहून अकरा वर्षांनी थोरली. तिने उभ्या जन्मात विडीला हात लावला नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या खेड्यात ती नवव्या वर्षी चुलीपुढे बसली, आणि लग्न होऊन सासरी गेली तेथेही चूलच होती. कोकणातला पाऊस आपण जाणता. चार महिने सरपण ओले, खोली अंधारी, धुराड्याचा पत्ता नाही, हातात फुंकणी आणि डोळ्यांना धार. सकाळची पेज, दुपारचा भात, न्हाणीतल्या पाण्याखालचा जाळ, संध्याकाळचा स्वयंपाक, असा तो धूर पन्नासाहून अधिक वर्षे तिच्या छातीत गेला. २०११ साली मी तिला मुंबईस आणले व छातीच्या डॉक्टरांना दाखविले. त्यांनी तिला एका यंत्राच्या नळीत जोराने फुंकर मारावयास सांगितले. या परीक्षेस स्पायरोमेट्री म्हणतात. तिची फुंकर निम्मीही भरली नाही. डॉक्टरांनी पहिला प्रश्न तंबाखूचा विचारला, ती हसली. दुसरा प्रश्न चुलीचा विचारला. तेव्हा ती बोटांवर वर्षे मोजू लागली.

घरी आल्यावर मी तिला विचारले, "अक्का, इतकी वर्षे धाप लागत होती, मग कोणास बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "धुराची तक्रार कोणाकडे करायची रे? चूल माझीच होती ना!"

२०१५ च्या थंडीत अक्का गेली. गरीब घरांतील स्त्रियांना स्वयंपाकाचा गॅस देणारी उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. आमच्या अक्काला तेवढे थांबता आले नाही. आपल्यापैकी कित्येकांची गावाकडची घरे अजून आहेत, आणि सिलिंडर आला तरी पाणी तापविण्यास व भाकरीस चूल अजूनही पेटते. तेथे कोणी काकू, कोणी वहिनी न बोलता खोकत असेल, तर तिला एकदा त्या नळीत फुंकर मारावयास न्यावे, एवढी माझी पहिली विनंती आहे.

आता हवेविषयी. दूषित हवेने माणसे मरतात ही गोष्ट जगास नवी नाही. डिसेंबर १९५२ मध्ये लंडन शहरावर पाच दिवस कोळशाच्या धुराचे दाट धुके बसले. त्या दिवसांत सुमारे चार हजार माणसे अधिक मेली असा तेव्हाचा हिशोब होता. पुढील संशोधकांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. त्यात वृद्ध व छातीच्या विकाराचे रुग्ण पुष्कळ होते. त्या आपत्तीतून १९५६ साली तेथे स्वच्छ हवेचा कायदा झाला.

आपल्या देशात एप्रिल २०१५ पासून हवेच्या गुणवत्तेचा राष्ट्रीय निर्देशांक जाहीर होतो. शून्य ते ५० चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिवाईट व त्यापुढे गंभीर, अशा त्याच्या पायऱ्या आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' या मोबाइलवरील सोयीने तो घरबसल्या पाहता येतो. परंतु मास्तर या नात्याने मला 'मध्यम' या शब्दाविषयी सावध करावयाचे आहे. परीक्षेत मध्यम गुण मिळालेला मुलगा उत्तीर्ण होतो, म्हणून हवा 'मध्यम' म्हटली की आपण निश्चिंत होतो. सरकारी कोष्टकातच या पायरीपुढे लिहिले आहे की, फुप्फुसाचे व हृदयाचे रुग्ण, मुले आणि वृद्ध यांस या हवेत श्वसनाचा त्रास होऊ शकतो. म्हणजे धडधाकट माणसाची मध्यम हवा ही आमची वाईट हवा होय. आमची लक्ष्मणरेषा १०० ची.

शिवाय हा आकडा बहुधा गेल्या चोवीस तासांच्या सरासरीवरून काढलेला असतो, व तो दूरच्या केंद्रावरचा असतो. आपल्या गल्लीच्या तोंडाशी कोणी आता पाचोळा पेटविला, तर त्याची नोंद त्यात नसते. तेव्हा आकडा पाहावा, परंतु नाक व डोळे यांसही सुट्टी देऊ नये. हवेतील सर्वांत घातक असे सूक्ष्म कण अडीच मायक्रॉनांहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही बारीक असतात. ते नाकातील केसांनी अडत नाहीत. थेट वायुकोशांपर्यंत पोचतात.

मुंबईस समुद्र आहे, येथे कसली आली दूषित हवा, असे आपण वर्षानुवर्षे म्हणत आलो. पावसाळ्यात ते खरेही असते. परंतु थंडीत वारा मंदावतो, रात्री जमीन लवकर थंड होते, जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार हवेखाली झाकणासारखी अडकते, आणि वाहनांचा धूर, रस्त्यांची व बांधकामांची धूळ, जाळलेल्या कचऱ्याची राख हे सारे त्या झाकणाखाली साचते. २०२२-२३ च्या हिवाळ्याने तर आपला गर्व पुरताच उतरविला. त्यानंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये बृहन्मुंबई महानगरपालिकेने बांधकामांच्या धुळीसाठी नियम जाहीर केले, आणि नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने फटाके रात्री ८ ते १० याच वेळेत उडवावेत असे बजाविले.

यातून एक व्यावहारिक धडा निघतो. आम्हा निवृत्त मंडळींस पहाटे पाचला उठून फिरावयास जाण्याची मोठी हौस, आणि पहाटेची हवा शुद्ध ही तर आपली बालपणापासूनची श्रद्धा. गावी ती खरी असेल. परंतु शहरात, हिवाळ्यात, पहाटेच ते झाकण घट्ट बसलेले असते. ऊन तापून वारा सुटला की हवा वर उचलली जाते. मी स्वतः डिसेंबर-जानेवारीत सकाळी दहापूर्वी बाहेर पडत नाही, आणि मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्लीने चालतो. उन्हाळ्यात उलट भर दुपार टाळतो. कारण तेव्हा कडक उन्हात वाहनांच्या धुरापासून ओझोन नावाचा वायू तयार होतो व तोही छातीस जाचतो. ज्या दिवशी हवा फारच वाईट असेल त्या दिवशी घरातल्या घरात शंभर पावले टाकतो. परंतु चालणे सोडीत नाही. कारण आमच्या रोगात बसून राहणाऱ्याचे पायच आधी दगा देतात.

आता माझ्या स्वतःच्या फजितीची कथा. जानेवारी २०२३ मध्ये आमच्या एका निकटच्या आप्तांची वास्तुशांत होती. नवे घर, वातानुकूलित, खिडक्या बंद. होम उत्तम चालला होता. पहिल्या दहा मिनिटांतच माझी छाती आवळू लागली. उठून बाहेर जावे असे शंभर वेळा वाटले. परंतु मी वडीलधारा, पुढच्या रांगेत बसविलेला. मंगल कार्यातून मध्येच उठलो तर यजमानांस काय वाटेल? खिडकी उघडा म्हणावे तर गुरुजींस काय वाटेल? खिशात पंप होता; तो चारचौघांत तोंडाला लावावा तर पाहुण्यांस काय वाटेल? मी दोन तास बसलो. प्रसाद घेतला, आशीर्वाद दिला, आणि हसतमुखाने घरी आलो. त्या मध्यरात्री मला एक वाक्यही सलग बोलता येईना. पुढील पाच दिवस मी रुग्णालयात होतो. यजमानांस हे समजले तेव्हा ते बिचारे रडकुंडीस आले व म्हणाले, "मास्तर, एक शब्द बोलला असता तर चारही खिडक्या उघडल्या असत्या!"

बंधुभगिनींनो, होमाने मला रुग्णालयात पाठविले नाही. माझ्या भिडेने पाठविले. भीड ही भिकेची बहीण, असे आपले पूर्वज म्हणत. मी तर म्हणेन की छातीच्या रुग्णाला ती त्याहून महाग पडते. अक्काने सासरच्या भिडेपोटी धूर गिळला, मी पाहुण्यांच्या भिडेपोटी. तिला निदान दुसरा मार्ग नव्हता. मला दार चार हातांवर होते.

त्या पाच दिवसांनंतर मी काही नियम केले. ते आपणांस सांगतो. ज्यांस उपयोगी पडतील त्यांनी घ्यावेत.

पहिला नियम घरातल्या धुराचा. बाहेरची हवा माझ्या हाती नाही, परंतु माझ्या खोलीची आहे. देवापुढे निरांजन तेवते. उदबत्ती व धूप मात्र बंद केला, आणि त्यावाचून देव रागावल्याचे अद्याप दिसले नाही. डासांची जळती कॉइल तर प्रथम घराबाहेर काढली. एक कॉइल जळून जाईतो ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले. सिगारेट सोडून कॉइलशेजारी निजणारा मी किती शहाणा होतो, ते आपणच ठरवा! त्या जागी आता मच्छरदाणी आली. केरसुणी कोरडी न फिरविता ओल्या फडक्याने पुसणे होते. फोडणीच्या वेळी खिडकी उघडी व धूर ओढणारा पंखा चालू. बाहेर रहदारीची व धुराची वेळ असेल तेव्हा खिडक्या बंद, आणि दुपारी हवा मोकळी झाली की उघड्या.

दुसरा नियम मुखपट्टीचा. साधा रुमाल वा कापडी पट्टी हे सूक्ष्म कण अडवीत नाही. एन-९५ जातीची पट्टी नाकागालांशी घट्ट बसली तरच ती अडविते; दाढीवरून बसत नाही. परंतु तिच्यातून श्वास ओढण्यास श्रम पडतात, म्हणून आमच्यासारख्यांनी आपल्या डॉक्टरांस विचारून, थोड्या वेळापुरती वापरावी. हवा शुद्ध करण्याचे यंत्र ज्यांस परवडेल त्यांनी हेपा गाळणीचे घ्यावे, निजण्याच्या खोलीत दार लावून चालवावे व गाळणी वेळेवर बदलावी. ओझोन सोडणारे यंत्र मात्र फुकट मिळाले तरी घेऊ नये. ज्यांस हे परवडत नाही त्यांनी खंत करू नये. कॉइल व उदबत्ती बंद करण्यास पैसा लागत नाही.

तिसरा नियम औषधाचा. 'पंपाची सवय लागते' हा गैरसमज आपल्या समाजात खोल रुजला आहे. चष्म्याची सवय लागते म्हणून कोणी आंधळा राहतो काय? ओढण्याचे औषध थेट छातीत पोचते, म्हणून ते थोड्या मात्रेत पुरते. रोजचा पंप निराळा व तातडीचा निराळा. हवा वाईट आहे म्हणून रोजचा चुकवू नये आणि तातडीचा खिशाबाहेर ठेवू नये. पंपाला स्पेसरची नळी जोडली की औषध घशात न अडकता आत जाते. रोजच्या पंपात स्टेरॉइड असल्यास नंतर चूळ भरावी. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टर सांगतील तशी घ्यावी. कारण दूषित हवेने शिणलेल्या छातीत साधे पडसेही घर करते.

चौथा नियम श्वासाचा. धाप लागली की घाबरू नये. पुढे किंचित वाकून, कोपर गुडघ्यांवर टेकून बसावे. नाकाने श्वास घ्यावा व ओठांचा चंबू करून, समोरच्या समईची ज्योत हलावी परंतु विझू नये इतक्या सावकाश तो सोडावा. घेण्यास जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट सोडण्यास द्यावा. ज्या फुंकरीने अक्काने आयुष्यभर चूल पेटविली, तीच फुंकर शेवटच्या वर्षांत डॉक्टरांनी तिला श्वास सोडण्यासाठी शिकविली.

पाचवा नियम धोका ओळखण्याचा. नेहमीपेक्षा धाप वाढणे, कफ वाढणे किंवा त्याचा रंग पालटून पिवळा-हिरवा होणे, पायांवर सूज येणे, ही लक्षणे दिसताच दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांस कळवावे. ओठ निळसर झाले, बोलणे तुटू लागले किंवा माणूस बरळू लागला, तर त्याच घटकेस रुग्णालय गाठावे. घरी प्राणवायूचे यंत्र असेल तर डॉक्टरांनी नेमून दिले तेवढेच ते चालवावे. जास्त प्राणवायू म्हणजे जास्त लाभ हा हिशोब आमच्या रोगात चुकतो व उलटतो. आणि त्या नळीजवळ समई, निरांजन वा काडी कदापि नेऊ नये.

हे झाले रुग्णाचे कर्तव्य. परंतु मला आज अधिक बोलावयाचे आहे ते निरोगी मंडळींशी. रुग्णाने भीड सोडावी हे खरे. पण त्याला भीड पडावीच का? घरातील सूनबाईने न विचारता उदबत्ती विझविली, नातवाने आपण होऊन सांगितले की 'आजोबा, आज हवा वाईट आहे, दहानंतर जा', की त्या म्हाताऱ्यास जे बळ येते ते कोणत्याही पंपात नाही. आणि सारेच काही माझ्यासारखे पेन्शन घेऊन घरी बसलेले नाहीत. आपल्या ज्ञातीतील कित्येक जण रिक्षा चालवितात, रस्त्याकडेला दुकान मांडतात, बांधकामावर राबतात. त्यांस 'बाहेर जाऊ नका' असे सांगणे म्हणजे 'जेवू नका' असे सांगणे होय. त्यांच्यासाठी एकट्याच्या नियमांनी भागत नाही. तेथे मंडळाने उभे राहावयास हवे.

यास्तव मंडळापुढे मी तीन सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली, मंडळाच्या प्रत्येक कार्यात, मग ती सत्यनारायणाची पूजा असो वा मुंज, होमाच्या वेळी सभागृहाच्या खिडक्या उघड्या असाव्यात, आणि दाराजवळच्या चार खुर्च्या श्वासाच्या रुग्णांसाठी राखाव्यात. तेथून उठून गेलेल्यास कोणी कारण विचारू नये. धर्मकृत्यात यत्किंचितही न्यून न येता हे साधते.

दुसरी, पंधरा दिवसांवर लक्ष्मीपूजन आले आहे. मंडळाच्या पटांगणात दरवर्षी होणारी आतषबाजी यंदापासून बंद व्हावी. मुलांचा हिरमोड होईल हे मी जाणतो. मीही मुलांतच आयुष्य काढले. परंतु त्यांस एक गोष्ट अवश्य सांगावी. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ साली निरनिराळ्या फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा सर्वांत अधिक सूक्ष्म कण सोडणारी निघाली ती न वाजणारी, निरुपद्रवी म्हणून लहान्यांच्या हाती देतो ती नागगोळी! जी वस्तू आवाज करीत नाही ती अपाय करीत नाही, हा आपला समज किती फोल आहे पाहा. अक्काचा खोकलाही आवाज करीत नव्हता.

तिसरी, आतषबाजीचा जो खर्च वाचेल तो रुग्णसाहाय्य निधीत जमा करून, वर्षातून एकदा श्वासाच्या तपासणीचे शिबिर भरवावे, व गरजू कुटुंबांस स्पेसर आणि लसी यांसाठी मदत द्यावी. पहिल्या शिबिरास मी माझ्या पेन्शनीतून पाच हजार रुपये देत आहे. ते मी आजच चिटणीसांच्या स्वाधीन केले आहेत.

अध्यक्षमहाशय, आज कोजागिरी. गच्चीवर दूध आटत आहे, आणि पाऊस नुकताच सरल्यामुळे चंद्र स्वच्छ दिसत आहे. अशी हवा आणखी थोडेच दिवस मिळेल. आता आपण सारे वर जाऊ. जिने तीन आहेत. मी प्रत्येक जिन्यावर थांबेन, खिशातला पंप सर्वांदेखत काढीन, आणि मग पुढची पायरी चढेन. आपल्यापैकी ज्या कोणास थांबावेसे वाटेल त्याने नि:संकोच माझ्याजवळ थांबावे. दूध निवेल म्हणून चिंता करू नये.